हाताची बोली

हंगामाच्या सणाच्या रविवारी शांतवन पारधेनं दाढी दोनदा केली. एकदा नेहमीसारखी, आणि मग पांढरा शर्ट चढवल्यावर हनुवटीखाली राहिलेले चार केस दिसले म्हणून पुन्हा. छप्पन्न वर्षांचा माणूस, मुंबईलगतच्या काशीमीऱ्याला तीन गोदामं, अकरा ट्रक, आणि दुसऱ्या वेळी घाईत गाल कापलाच. त्याची एकुलती एक मुलगी अनुष्का आठ महिन्यांनी त्याच्या समोर येणार होती. जानेवारीत तिचं लग्न होतं. पत्रिका अख्ख्या मंडळीला, म्हणजे त्यांच्या चर्चच्या सगळ्या माणसांना, मिळाली होती, फक्त बापाला नाही.

ती पत्रिका त्यानं पाहिली होती. मंडळीतल्या वडीलधाऱ्या पंढरीनाथकाकांच्या खिशातून डोकावत होती, तेव्हा काकांना ती ओशाळून दाखवावी लागली. दाखवता दाखवता त्यांनी दुसरंही सांगून टाकलं. "पोरीनं मला विचारलंय, शांतवन. हात धरून आत मी न्यावं म्हणून. मी अजून हो म्हटलं नाय हां. पण नाय तरी कसं म्हणू? एकटी चालवू काय तिला? सणाच्या रविवारी संध्याकाळी सुटाचं माप द्यायला जातोय."

ख्रिस्ती लग्नात नवरीचा हात धरून तिला दारापासून पाळकापर्यंत, म्हणजे धर्मगुरूपर्यंत, बाप नेतो. त्यांच्या देवळात हे अंतर अठरा पावलांचं होतं. शांतवननं एकदा कुणी नसताना चालून पाहिलं होतं. ती अठरा पावलं त्याला हवी होती, आणि ती मिळवायला त्याच्याकडे आजचा एकच दिवस होता.

हे सगळं का झालं ते सांगायला हवं, आणि सांगताना शांतवनची बाजू घ्यायची सोय नाही.

निहार हा हाटकेशच्या कारखान्यांमध्ये मशीनची वायरिंग करणारा मुलगा. मंडळीतलाच, उपासनेत कीबोर्ड वाजवायचा. दोन खोल्या, आई, हप्त्यावरची स्कूटर. अनुष्कानं त्याचं नाव घरात काढलं त्याच आठवड्यात शांतवननं त्याला गोदामाच्या ऑफिसात बोलावलं, चहा मागवला आणि टेबलावर एक जाड पाकीट ठेवलं. पुण्याला जा, स्वतःचं दुकान टाक, इकडे पुन्हा फिरकू नकोस. निहारनं चहा संपवला, पाकीट दोन बोटांनी परत सरकवलं, "येतो काका" म्हणाला आणि गेला. रागावलाही नाही. तिथंच थांबायला हवं होतं. पण शांतवन घरी आला आणि मुलीला म्हणाला, "घेतले त्यानं. माझ्यासमोर मोजून घेतले."

अनुष्कानं दुसऱ्या दिवशी निहारला विचारलं. मग ती घरी आली आणि बापासमोर उभी राहिली. आवाज चढला नव्हता, म्हणून शांतवनला जास्त भीती वाटली. "पप्पा, तुम्ही त्याला विकत घ्यायला गेलात, ते मी एक वेळ समजू शकते. पण तो विकला गेला असं मला सांगितलंत!" त्याच दुपारी ती जवळच्या इंद्रलोक वस्तीत, समिधा नावाच्या मैत्रिणीच्या घरी राहायला गेली. रविवारीही ती मागच्या रांगेत बसायची आणि उपासना संपताच निघून जायची. सोन्याच्या डब्याला तिनं हात लावला नाही. जाताना नेली ती फक्त आईची भोपळ्याच्या बियांची बाटली.

निहारनं पैसे घेतले ही गोष्ट मंडळीत पसरली. कुणी पसरवली ते सांगायला नको. गेले आठ महिने लोक त्या मुलाशी जपून बोलत होते, आणि शांतवन ते बघत होता आणि गप्प होता.

माणूस मुळात वाईट नव्हता, हे म्हणायला मला थोडं जड जातं, पण ते खरं आहे. नगरकडून आला तेव्हा त्याच्याजवळ वळकटी होती आणि एका चुलत्याचा पत्ता होता. काशीमीऱ्याच्या गॅरेजात ट्रकखाली उताणा झोपून त्यानं आठ वर्षं काढली. मग एक जुना ट्रक, मग दुसरा. मंदाशी लग्न झालं, मुलगी झाली, फ्लॅट झाला. पाच वर्षांपूर्वी मंदा आजारी पडली तेव्हा त्यानं मुंबईतला सगळ्यात महागडा दवाखाना गाठला. एकवीस दिवसांत मंदा गेली. दुसरा एखादा यातून शिकला असता की पैशानं सगळं होत नाही. शांतवन शिकला, की आपला पैसा कमी पडला. तेव्हापासून तो पैशामागे असा लागला की रात्री गुडघे टेकून प्रार्थना करायचा तेव्हा आभार मानून दोन मिनिटांत उठायचा. देवाकडे मागण्यासारखं काही उरलेलंच नव्हतं. जे हवं ते तो आणत होता.

मंडळीची उपासना भरायची ती हाटकेशच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात. शेजारी एका बाजूला स्टीलचे डबे बनायचे, दुसऱ्या बाजूला पट्ट्यांची बक्कलं. रविवारी ती मशीनं बंद असायची म्हणून प्रवचन ऐकू यायचं. हा गाळा शांतवनच्या पैशानं घेतलेला. शटरच्या बाजूला मंदाच्या स्मरणार्थ संगमरवरी पाटी होती. पाळकसाहेबांच्या खोलीचं भाडंही तोच भरायचा. त्यामुळे तो आत शिरला की पुढच्या रांगेतली मधली खुर्ची आपोआप रिकामी व्हायची.

हंगामाच्या सणाला मंडळी आपापल्या घरचं पहिलं फळ देवाला आणते. शेत कुणाकडे आहे इथं? मग कुणी कुंडीतल्या मिरच्या आणतं, कुणी लोणचं, कुणी गावाहून मागवलेली कोंबडी. उपासना झाली की या वस्तूंचा लिलाव होतो आणि दहा रुपयांचा नारळ पाचशेला जातो. पण या मंडळीचे दोन रिवाज होते, दुसरीकडे नसलेले. एक म्हणजे 'हातावर देणं'. बोली ज्याची, त्याच्या हातावर ती वस्तू आणणाऱ्यानं स्वतः ठेवायची, 'घ्या' म्हणायचं, त्यानं 'मिळालं' म्हणायचं, आणि पाळकांनी दोघांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची. भांडलेले भाऊ या रिवाजापायी बोलायला लागलेले सगळ्यांनी पाहिले होते.

दुसरा रिवाज हाताच्या बोलीचा. ज्याच्याजवळ पैसे नाहीत त्यानं काम बोलायचं. जे काम बोललं ते आधी कुणी करत असेल तर त्याच्याकडे ते मागून घ्यायचं. त्यानं दिलं, आणि पाळकांनी होकार दिला, की पैशाची बोली तिथंच थांबायची, मग ती कितीही असो. अठ्ठावीस वर्षांपूर्वी मंडळी शाळेच्या एका वर्गात भरायची, तेव्हा मंदा नावाच्या मुलीनं भोपळा आणला होता. एका बँकेतल्या क्लार्कनं त्यावर एकशे एक रुपये लावले. ग्रीसनं काळ्या झालेल्या हातांचा शांतवन मागून उठला आणि म्हणाला, "मी वर्षभर झाडीन." मंदानं तो भोपळा त्याच्या हातावर ठेवला. पुढं काय झालं ते उघड आहे, अनुष्का झाली.

आणि याच माणसानं तीन वर्षांपूर्वी कमिटीत ठराव आणून हाताची बोली बंद केली. "झाडून-पुसून मंडळी चालत नाही," तो म्हणाला होता, "रोख लागते." कमिटीनं मान डोलावली, कारण रोख कुणाची होती ते सगळ्यांना माहीत होतं. त्या ठरावावर पहिली सही शांतवनची.

तर त्या रविवारी तो मधल्या खुर्चीवर बसला होता आणि मान न वळवता मागं बघायचा प्रयत्न करत होता. अनुष्का शटरजवळ उभी होती. फिकट पिवळा कुर्ता, आईसारखी एकच वेणी. तिच्या हातात भोपळा होता. समिधाच्या बिल्डिंगच्या गच्चीवर, तेलाच्या कापलेल्या पिंपात तिनं वेल लावला होता, हे त्याला पंढरीनाथकाकांकडूनच कळलं होतं. भोपळा फार मोठा नव्हता, एका बाजूनं थोडा चपटा होता.

तेव्हाच त्याचा बेत ठरला. भोपळा आपण घ्यायचा, काय वाटेल ते होवो. मग तिला यावंच लागेल. दोन हातांनी आपल्या हातावर ठेवावा लागेल, बोलावं लागेल. एकदा तिचे हात हातात आले की पुढचं आपण बघून घेऊ.

पाळकसाहेबांनी उतारा वाचला तो नेमका धनावर भिस्त ठेवणाऱ्यांविषयीचा. तरुण माणूस, दोन वर्षांपूर्वीच आलेला. "पैसा जवळ असणं हा गुन्हा नाही," ते म्हणाले. "धोका पुढं आहे. पैशावर टेकून बसलेला माणूस हळूहळू मागायचं विसरतो. देवाकडेही आणि माणसांकडेही. आणि जो मागतच नाही, त्याला देणार तरी कसं?" इथं त्यांची नजर पहिल्या रांगेकडे गेली आणि आवाज एकदम खाली आला. शांतवनच्या काही लक्षात आलं नाही. त्याच्या मनात आलं, हे त्या मागच्या रस्त्यावरच्या बिल्डरला ऐकवायला हवं.

लिलाव सुरू झाला. पंढरीनाथकाका सत्तरीचे, पण माइक हातात आला की पंचविशीत जायचे. "चला बोला! गावठी कोंबडी आहे, पाय बांधलेत म्हणून गप बसलीय! दोनशे? अरे दोनशेत ब्रॉयलरचं पीस पण नाय भेटत, शरम करो भाई!" लोक हसत होते. नारळ गेले, लिंबाचं लोणचं गेलं, कोंबडी गेली. शांतवन एकदाही बोलला नाही. दर वर्षी अर्ध्या वस्तू तोच उचलायचा, म्हणून लोक एकमेकांकडे बघायला लागले.

मग अनुष्का पुढं आली.

"मंदाबाईंच्या बियांचा भोपळा," काका म्हणाले, आणि त्यांचा आवाज नकळत मऊ झाला. "बोला."

"एक्कावन्न," गिरिजाबाई म्हणाल्या. पंचाहत्तरीच्या, पूर्वी एका शाळेत आयाबाई होत्या. गाळा रोज झाडायच्या त्याच, एक पैसा न घेता. मंदा होती तोवर दर वर्षी अर्धा भोपळा गिरिजाबाईंच्या घरी जायचा.

"एकशे एक," कुणीतरी म्हणालं.

"दोनशे," गिरिजाबाई. पदराची गाठ त्यांच्या मुठीत होती, त्यात किती असतील ते सगळ्यांना दिसत होतं.

"अकरा हजार," शांतवन म्हणाला.

शांतवननं मुलीकडे पाहिलं. ती भोपळ्याकडे बघत होती. तिनं मान वर केली नाही. आणि आता तो जे करून बसला ते फक्त तोच करू शकत होता. त्याला वाटलं, आकडा कमी पडला.

"एक लाख."

"शांतवन," काका माइक बाजूला धरून हळूच म्हणाले, "तुझ्यावर कुणी बोललेलं नाय. स्वतःवरच काय बोलतोयस?"

"पाच लाख!"

कुणाच्या तरी हातातला स्टीलचा ग्लास खाली पडून घरंगळत गेला. गिरिजाबाईंनी पदराची गाठ सोडली होती ती परत बांधली. सेक्रेटरी नीलेश वहीसकट उभा राहिला. छताचं वॉटरप्रूफिंग, नवी साउंड सिस्टीम, सगळं त्याच्या तोंडावर एकदम उमटलं.

आणि अनुष्कानं मान वर केली.

शांतवनला ती नजर ओळखीची होती. आठ महिन्यांपूर्वी, पाकिटाच्या दुसऱ्या दिवशी, ती घरात अशीच उभी होती. राग नव्हता तिच्यात. एखाद्याला शेवटचं बघून घ्यावं तसं ती बापाकडे बघत होती. मग ती कीबोर्डपाशी उभ्या असलेल्या निहारकडे वळली आणि म्हणाली, "स्कूटर बाहेर काढून ठेव. हे दिलं की लगेच निघू."

"पाच लाख एक वार," काका म्हणाले. त्यांचा सगळा सूर उतरला होता.

शांतवनला तेव्हा कळलं. उशिरा कळलं, पण लख्ख कळलं. ती येईल, रिवाज आहे म्हणून येईल. भोपळा हातावर ठेवील, 'घ्या' म्हणेल. पाळक प्रार्थना करतील. मग ती स्कूटरवर बसून जाईल आणि जानेवारीत पंढरीनाथकाकांचा हात धरून अठरा पावलं चालेल. आधी तो निहारला विकत घ्यायला गेला, आणि आज तिलाच घ्यायला बसला होता, तेही भर देवळात, माइकवर.

"पाच लाख दोन वार..."

"थांबा!" तो उठला. "माझी बोली मागं घेतो."

"तसं नाय होत," काका म्हणाले. "देवापुढचा शब्द. मागं नाय जात. वरून कुणी बोललं तरच सुटशील."

"काका, ऐका माझं."

"मी काय ऐकू? नियम तुला नाय माहीत?"

"शब्द म्हणजे शब्द, शांतवनकाका," नीलेश घाईघाईनं म्हणाला. पाच लाख हातचे जातात की काय या भीतीनं त्याला घाम फुटला होता. "मंडळीच्या कामाचे पैसे आहेत ते."

शांतवन लोकांकडे वळला. शंभरएक माणसं, लाल प्लास्टिकच्या खुर्च्या, सणाचे कपडे. "कुणीतरी माझ्यावर बोला," तो म्हणाला. कुणी हललं नाही. पाच लाखांवर कोण बोलणार? इतकी वर्षं त्यानं हीच काळजी घेतली होती, की आपल्यावर कुणाला बोलता येऊ नये. "अरे बोला ना कुणीतरी!" त्याचा आवाज फाटला. तो दोन रांगा ओलांडून गिरिजाबाईंपाशी गेला आणि वाकून म्हणाला, "मावशी, तुम्ही सहा लाख बोला. नुसतं बोला. पैसे मी भरतो."

गिरिजाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "मी खोटं बोलू?" त्या म्हणाल्या. "हितं? देवाच्या घरात? तुमच्या पैशानं?"

शांतवन तिथंच उभा राहिला. बुडतानाही त्यानं हात घातला होता तो खिशातच. त्याला स्वतःची अशी शरम वाटली की गालावरची सकाळची जखम चुरचुरायला लागली. शटरबाहेर निहारनं स्कूटर स्टँडवरून खाली काढल्याचा आवाज आला.

"माझ्या बोलीवर माझीच बोली," तो म्हणाला. "हाताची. मी वर्षभर झाडीन."

"हाताची बोली बंद आहे," नीलेशनं वही उघडून पान काढलंसुद्धा. "तीन वर्षांपूर्वीचा ठराव. पहिली सही तुमचीच आहे, काका."

"माहितीय माझी आहे ते!" शांतवन ओरडला, आणि मग एकदम खालच्या आवाजात म्हणाला, "चुकलं माझं. ते पण चुकलं आणि आणखी एक चुकलं. निहारला आत बोलवा."

निहार शटरपाशी आला. हातात हेल्मेट होतं.

"यानं माझ्याकडून एक रुपया घेतलेला नाही," शांतवन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मी पाकीट ठेवलं होतं. यानं परत सरकवलं. घेतलं असं मी सांगितलं, माझ्या मुलीला सांगितलं, तुम्हाला सांगितलं. मी खोटं बोललो."

निहारच्या आईनं तोंडावर पदर घेतला. अनुष्का जागची हलली नाही, पण भोपळ्यावरची तिची बोटं पांढरी पडली होती.

सगळ्यांचे डोळे आता पाळकसाहेबांकडे गेले. बिचारे पाळकसाहेब! एका बाजूला कमिटी, पाच लाख आणि लेखी ठराव. दुसऱ्या बाजूला ज्याच्या पैशावर त्यांची खोली, तोच माणूस, स्वतःच्याच विरुद्ध उभा. कुठलाही निकाल दिला तरी कुणीतरी दुखावणार होतं. त्यांनी रुमालानं चष्मा पुसला, घातला, काढून परत पुसला.

"ठराव कमिटीनं केला," ते शेवटी म्हणाले. आवाज कापत होता, पण या वेळी खाली गेला नाही. "सकाळी मी मागण्याबद्दल बोललो. आता एक माणूस मागायला उभा राहिलाय आणि मी त्याला वही दाखवू? मला ही बोली चालेल. कमिटीला चालत नसेल तर माझ्याबद्दल काय तो निर्णय घ्या. पण शांतवनराव, रिवाज पुरा व्हायला हवा. झाडायचं काम इथं आधीच कुणीतरी करतंय."

शांतवन गिरिजाबाईंकडे वळला. त्या उठल्या नव्हत्या. इतकी वर्षं त्यानं या बाईला नाताळला साडी पाठवली होती, ड्रायव्हरच्या हातानं. त्यांच्याकडे काही मागायची वेळ येईल हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्या काही बोलून त्याची सुटका करतील म्हणून तो थांबला. त्या बोलल्या नाहीत. नाही म्हणाल्या तर संपलं, आणि नाही म्हणायचा त्यांना पुरता हक्क होता.

"मावशी," तो म्हणाला, "तुमचा झाडू मला द्याल का?"

"माझ्याकडं दुसरं काय हाय?" गिरिजाबाई म्हणाल्या. "पैसे टाकायला मला कधी जमलं नाही. झाडते, तेवढंच माझं अर्पण. ते पण तुम्हालाच पायजे?"

"हो," शांतवन म्हणाला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, ते त्यानं पुसलं नाही. "मला पायजे. माझ्याकडे द्यायला काही नाही, मावशी. नुसतं मागतोय."

म्हातारीनं त्याच्या हातांकडे निरखून पाहिलं.

"एक वर्ष," त्या म्हणाल्या. "वर्षानं माझा मला परत. आणि कोपरे मी तपासणार. मोठी माणसं कोपरे सोडतात."

"तपासा."

"सहाला उघडायचं. रोज. रविवारपुरतं नाय."

"येतो."

"मंग घ्या."

पंढरीनाथकाकांनी माइक तोंडाशी नेला. एक वार, दोन वार, तीन वार त्यांनी एका दमात म्हणून टाकलं. नीलेश खुर्चीत बसला आणि वही मिटून मांडीवर ठेवली. त्याला मंडळीच्या छताचं दुःख झालं, आणि ते खोटं नव्हतं.

आता अनुष्काची वेळ होती. ती लिलावाच्या टेबलापासून निघाली. शांतवननं दोन्ही हात पुढं केले आणि खाली बघत राहिला, कारण वर बघायची त्याची हिंमत नव्हती. तिच्या चपलांचा आवाज जवळ येत गेला. मध्येच थांबला. तेवढ्या वेळात शांतवनच्या मनात काहीच आलं नाही, फक्त एक 'देवा' आलं, आणि त्याच्या पुढं कितीतरी वर्षांनी एक मागणं आलं. मग चपला पुन्हा वाजल्या. भोपळा त्याच्या हातांवर आला, जड आणि इतका वेळ तिच्या हातांत होता म्हणून कोमट.

"घ्या," ती म्हणाली.

"मिळालं," तो म्हणाला, आणि ते त्याला नीट म्हणताही आलं नाही.

पाळकसाहेबांनी दोघांच्या डोक्यांवर हात ठेवून प्रार्थना केली. अनुष्कानं भोपळ्याखालचे हात लगेच काढले नाहीत. प्रार्थना संपल्यावर काढले. तिनं ओढणीच्या टोकानं बापाच्या गालावरचं सुकलेलं रक्त एकदा पुसलं, आईसारखं, थोडं जोरातच.

"अर्धा गिरिजाआजींकडे पोचवा," ती म्हणाली. "स्वतः. ड्रायव्हरबरोबर नको."

"नेतो."

ती निहारकडे निघाली. चार पावलांवर थांबली आणि मागं वळली.

"लग्न सकाळी दहाला आहे, पप्पा," ती म्हणाली. "त्या दिवशी सहाच्या आधी या. झाडून झाल्यावर तुम्हाला कपडे बदलायला वेळ मिळायला हवा."

पंढरीनाथकाका शेजारीच उभे होते. त्यांनी माइक बंद करून टेबलावर ठेवला. सुटाचं माप द्यायला ते त्या संध्याकाळी गेले नाहीत.